कोणाचं गेलं?

ऑफिसातले दिवे नुसते मिचकावले तरी माझा डावा हात आपोआप कीबोर्डच्या कोपऱ्यात जातो आणि काम सेव्ह करून मोकळा होतो. शेजारच्या टेबलावरचा नवा मुलगा हसतो. "मॅडम, आता सगळं आपोआप सेव्ह होतं. कुठल्या जमान्यात आहात?" मी त्याच्यावर रागावत नाही. ओगले सरांच्या हाताखाली तो शिकलेला नाही, त्याला काय कळणार! 'आपोआप' ह्या शब्दावर सरांचा काडीचाही विश्वास नव्हता, आणि त्यांनी तो आमचाही उडवला तो कायमचा.

उल्हासनगरच्या एका कॉलेजात तेव्हा वेबसाइट डिझाइन आणि मल्टिमीडियाचा वर्षभराचा कोर्स होता. मी अंबरनाथच्या बुवापाड्यातून जायचे. लॅब तिसऱ्या मजल्यावर, अगदी मागे. खिडकीतून कॅम्पातल्या गच्च्या, काळ्या टाक्या आणि कुठल्यातरी कारखान्याच्या पत्र्यावर टाकलेले जीन्सचे ढीग दिसायचे. ओगले सर बदलापूरहून यायचे. बुटके, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर पेन्सिल. संगणक शिकवणाऱ्या माणसाच्या कानावर पेन्सिल बघून पहिल्याच दिवशी आमचा उत्साह निम्मा झाला होता.

त्या दिवशी सरांनी सांगितलं, एक पान तयार करा, त्यावर तुमचं नाव, एक फोटो आणि तुमच्या आवडीचा रंग. झालं! सगळे रंगले. माझं नाव जांभळ्या पट्टीवर ठेवू की पिवळ्या, ह्यात माझा तास चालला होता. शेवटी जांभळी जमली. मी खुर्चीत मागे टेकून माझ्या नावाकडे कौतुकाने बघत होते, आणि ठक्कन आवाज झाला. सगळे पडदे एकदम काळे. पंखे हळूहळू थांबले. आम्ही वळून बघितलं तर दारावरच्या मेन स्विचपाशी सर लाकडी स्टुलावर उभे, आणि स्विचचा दांडा त्यांनी खाली ओढलेला.

"कोणाचं गेलं?" सरांनी विचारलं.

दुखवट्याच्या घरी विचारतात तसं, हळू आवाजात विचारलं. वर म्हणाले, "ज्याचं गेलं त्याने हात वर करायचा. लाजायचं नाही." एक सोडून सगळ्यांचे हात वर. सरांनी प्रत्येक हाताकडे नीट बघितलं, जणू ओळख करून घेत होते. मग म्हणाले, "बाहेर लाइट गेली की वीजवाल्यांना शिव्या घालता येतात. इथे मला घाला. पण गेलं ते तुमचंच."

माझ्या शेजारी जय बसायचा. कॅम्प दोन ह्या वस्तीतला सिंधी मुलगा, वडिलांचं जीन्सच्या चेन आणि बटणांचं दुकान. तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "सर, आजकल तो ऑटो-सेव्ह होता है ना. ते चालू ठेवलं तर प्रॉब्लेमच नाही."

"कुकरची शिट्टी आपोआप होते," सर म्हणाले. "गॅस आपोआप बंद होतो का?" आणि त्यांनी सगळ्या मशिनांवरचं ते ऑटो-सेव्ह बंद करून टाकलं.

तेव्हापासून आमच्या जिवाला घोर लागला. सर दांडा कधी ओढतील ह्याचा नेम नसायचा. आम्ही एक डोळा पडद्यावर आणि एक सरांवर ठेवून कामं करायचो. सर नुसते खुर्चीतून उठले तरी जय तोंडातल्या तोंडात "उठले, उठले" करायचा आणि लॅबभर कळा वाजायच्या. सर बाहेर जायचे, पाणी पिऊन यायचे, पुन्हा बसायचे. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकून कामाला लागलो, की ठक्! "कोणाचं गेलं?" एकदा तर हजेरी घेताघेता ओढला. माझ्या घशाशी ॲसिडिटी यायला लागली. आई म्हणाली, "कॉम्प्युटर शिकायला जातेस का बॉम्ब काढायला?"

सर असे का झाले, ह्याच्या कॉलेजात तीन गोष्टी होत्या. कोणी म्हणे, मुंबईत एडिटिंगला असताना त्यांच्या हातून कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाचं अख्खं चित्रण गेलं. कोणी म्हणे, एका म्हाताऱ्या गवयाचं शेवटचं रेकॉर्डिंग गेलं. कॅन्टीनवाल्याचं म्हणणं, काही नाही हो, घरी बायको ओरडते त्याचा राग इथे काढतात. खरं काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

कौतुकाच्या बाबतीत माणूस महाचिक्कू. काम बघून सर "छान" म्हणाले की समजायचं, पुन्हा करायचं आहे. "छान"च्या पुढे ते कधी काही सांगायचे नाहीत, आपणच शोधायचं. "चालेल" ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी पदवी. ती मला वर्षात एकदा मिळाली, तेव्हा मी घरी जाताना पेढे घेतले होते. साइटवर इकडून तिकडे जायच्या वाटा कशा असाव्यात, हे शिकवताना ते म्हणायचे, "पाहुण्याला पाणी मागायला लागलं तर घर चुकलं." बदलापूरची जांभळं निघाली की कागदात बांधून आणायचे, पण लॅबबाहेर उभं करून खायला लावायचे आणि जीभ दाखवल्याशिवाय, हात धुतल्याशिवाय आत घ्यायचे नाहीत. जीभ कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

अक्षरं आणि अंतर शिकवायला त्यांनी आम्हाला एकदा फर्निचर बाजारात नेलं. रस्त्याच्या ह्या बाजूला उभं राहायचं, समोरच्या पाटीकडे एकदाच बघायचं, मान खाली घालायची आणि काय वाचलं ते लिहायचं. सर स्वतः मोजपट्टी घेऊन पाटीच्या खाली जात, अक्षराची उंची मोजत आणि ओरडून आम्हाला सांगत. बरं चाललं होतं. आणि अचानक रस्त्याच्या टोकाकडून शटर पडायला लागली. एक, मग दुसरं, मग ओळीने धडाधड. मोजपट्टी, वह्या आणि पाट्यांकडे बघणारी माणसं, ह्यावरून बाजाराने जो अर्थ काढायचा तो काढला होता. "महापालिकावाले आए हैं, बोर्ड नाप रहे हैं!"

बघताबघता पन्नास माणसं जमली. एका आडव्यातिडव्या शेठने सरांच्या हातातली मोजपट्टी हिसकावली. "किसने भेजा? हमारे पास परमिशन है!" मागून कोणीतरी सरांच्या खांद्याला धक्का दिला. जय सिंधीत समजावत होता, पण गोंगाटात त्याला कोण ऐकतंय! मला वाटलं, आता मार खाऊनच परत जायचं. सरांच्या कानावरची पेन्सिल पडली होती, ती त्यांनी वाकून उचलली, पुन्हा कानावर ठेवली आणि शेठला म्हणाले, "आपका बोर्ड पढने को नहीं आया."

"क्या?"

"उस साइड से. सोफा पढा, बेड पढा, देव्हारा पढा, तीन मोबाइल नंबर पढे, एक बुजुर्ग का फोटो देखा. दुकान का नाम किधर है?"

शेठ रस्ता ओलांडून आमच्या बाजूला आला, वळला आणि स्वतःच्या पाटीकडे बघितलं. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. थोड्या वेळाने अख्खा बाजार आमच्या फुटपाथवर उभा राहून आपापल्या पाट्या वाचत होता आणि वडिलांचा फोटो मोठा का दुकानाचं नाव, ह्यावर दोन भावांची जुंपली होती. आम्हाला दाल-पकवान मिळालं, डाळ आणि कुरकुरीत पुऱ्या. सरांनी पकवान मोडतामोडता आम्हाला विचारलं, "मघाशी वह्यांत लिहिलेलं कोणाचं गेलं?" गडबडीत माझी वही खरंच कुठेतरी पडली होती. मी तोंडातला घास तसाच ठेवून हात वर केला.

मग जयच्या वडिलांचं प्रकरण झालं. जयने दुकानासाठी एक ॲनिमेशन केलं होतं, चेन सरकत जाते आणि तिच्यामागून दुकानाचं नाव उघडतं. खूप दिवसांचं काम, आणि शहाण्याने एकाच फाइलमध्ये ठेवलेलं. सरांनी स्विच ओढला तो नेमका फाइल लिहिली जात असताना. फाइल पुन्हा उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील मोटवानी शेठ लॅबच्या दारात. "साईं, बच्चे की मेहनत मिट्टी कर दी आपने! ये पढाई है?"

सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, "रात को दुकान का ताला लगाने के बाद खींच के देखते हो ना?"

"दो बार," शेठ म्हणाले.

"क्यों? ताला तो लग गया."

शेठनी पोराकडे असं काही बघितलं, की जय टेबलाखाली जायचा बाकी राहिला. पुढचे चार दिवस तो आमच्याशी बोलला नाही, पण प्रत्येक फाइलच्या दोन-दोन प्रती ठेवायला लागला.

शेठ शांत होऊन गेले, पण आवाज खालच्या मजल्यावर पोचला होता. त्यात त्याच आठवड्यात स्विच ओढल्यावर एका मशिनचा पॉवर सप्लाय जळाला. प्राचार्या देसले मॅडम स्वतः तीन मजले चढून आल्या आणि आमच्यासमोरच म्हणाल्या, "ओगले सर, ह्या स्विचला पुन्हा हात लावलेला मला दिसला तर लॅबची किल्ली माझ्याकडे येईल. मग फळ्यावर शिकवा वेबसाइट."

"बरं," सर म्हणाले.

आणि खरंच त्यांनी हात लावणं सोडलं. आम्हाला हायसं वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. सवय लागली होती. सर उठले की बोटं अजून कळांकडे धावायची. त्यातच दार जोरात आपटलं की दिवे एकदा मिचकावायचे. सर मान वर करून त्या स्विचकडे बघत राहायचे. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्यांना ओढावासा वाटतोय.

पहिल्या दिवशी एक सोडून सगळ्यांचे हात वर होते असं मी म्हटलं. तो एक हात रंजनाचा. बारवी धरणाकडच्या डोंगरात तिची ठाकरवाडी. तिथून चालत, मग टमटमने बदलापूर, मग पुढे. कमी बोलायची. कोर्सला ती आमच्या आधीच्या वर्षी बसली होती, आणि शेवटच्या प्रोजेक्टच्या वेळी तिचा पेन ड्राइव्ह बंद पडला म्हणून नापास झाली होती. नियमाप्रमाणे प्रोजेक्टला दुसरी संधी मिळते, तिसरी नाही. त्यामुळे रंजना दोन ओळी लिहिल्या की सेव्ह करायची. "कोणाचं गेलं?"ला तिचा हात वर्षात एकदाही वर झाला नाही. सर तिच्याकडे बघायचे आणि पुढे सरकायचे. एवढंच.

तिचं प्रोजेक्ट होतं रानभाज्यांची साइट. टाकळा, कुर्डू, भारंगी, कोरळ, शेवळं. प्रत्येक भाजीचा फोटो, ती कुठे उगवते, कशी निवडायची, आणि मुख्य म्हणजे एक फिल्म, ज्यात तिची आई शेवळाची भाजी करून दाखवते. आई दर वर्षी बदलापूर स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसायची, ती ह्या भाज्यांना नुसत्या वासावरून ओळखायची. रेकॉर्डिंगला माइक धरायला मी वाडीवर गेले होते. रंजनाची धाकटी बहीण सुनी उन्हाचा उजेड आईच्या तोंडावर पाडायला स्टीलचं ताट धरून उभी होती. हात भरून आले तरी हलली नाही. आईने माइककडे बोट नाचवून बजावलं, "काकड टाकल्याबिगर शेवलं खायाचं नाय. खाल्लं तं घसा असा धरंल, का पानी बी उतरनार नाय." काकड म्हणजे आंबट, हिरवी फळं, ती घातली की शेवळाची खाज मरते.

निघताना रंजनाचा भाऊ मंगेश आम्हाला टमटमपर्यंत सोडायला आला. तो बदलापूरच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला होता. म्हणाला, "ताई, ही औंदा पास झाली तं सुनीला बी दहावीच्या पुढं धाडायचं ठरलंय. नाय झाली तं बाबा म्हनतो, एकीनं दोनदा करून दावलं, बास झालं." सुनी ताट छातीशी धरून मागून चालत होती. तिने ऐकलं की नाही कोण जाणे, पण मी ऐकलं.

प्रोजेक्ट अपलोड करायचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला पोर्टल बंद. बाकी सगळ्यांचं आटपलं होतं. रंजनाची फिल्मही तयार होती, फक्त सरांनी बघायची राहिली होती. सरांनी सकाळी ती पूर्ण बघितली आणि म्हणाले, "छान."

छान म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"सर, काय राहिलं?" रंजनाने विचारलं.

नेहमी न सांगणारे सर त्या दिवशी बोलले. "काकडाचं आई बोलली असेल ना? ते कुठे गेलं?"

"पाच मिनिटांच्या वर जात होती सर. म्हणून कापलं."

"शेवटचं गाणं काप, डोंगर काप, माझं नाव आभारात आहे ते काप. उद्या ठाण्याचा कोणीतरी माणूस ही फिल्म बघून शेवळं करेल, काकड घालणार नाही, आणि घसा धरून बसेल. कोणाच्या नावावर? तुझ्या आईच्या." ते खुर्चीतून उठले. "चूक आहे म्हणून नाही सांगत. खोटं होतंय म्हणून सांगतोय."

मला सरांचा इतका राग कधीच आला नव्हता. शेवटच्या दिवशी! जय तर तोंडावर बोलला, "सर, पास होने दो ना उसको पहले!" पण रंजना वळली होती आणि कापायला लागली होती. दुपारपर्यंत तिने आईचं वाक्य परत बसवलं. मग रेंडरला लावलं. म्हणजे आता मशीन त्या सगळ्या तुकड्यांची एक सलग फिल्म शिजवणार. ह्यात मध्ये सेव्ह नसतं. अर्ध्यावर थांबलं तर पहिल्यापासून. ते सॉफ्टवेअर फक्त आमच्या लॅबमध्ये, आणि यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्या मेलेल्या. तरी वेळ पुरेसा होता.

पट्टी चाळीस टक्क्यांवर गेली आणि ठक्! सगळं काळं.

आम्ही सगळे एकदम दाराकडे वळलो. स्टूल रिकामं होतं. सर लॅबच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी बसले होते, दोन्ही हात टेबलावर. ते हात मी आजही डोळ्यांसमोर बघू शकते. त्यांनी "कोणाचं गेलं?" विचारलं नाही. उठले, धावत गेले, स्टुलावर चढले, दांडा वर केला. दिवे आले. हात काढला, दांडा आपसूक खाली पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. वर्षभर ओढूनओढून आतली स्प्रिंग गेली होती. सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना जे कळलं ते आम्हालाही कळलं.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, दांड्याला गुंडाळला, दांडा वर सारला आणि धरून ठेवला. "रंजना, लाव."

जयने भिंतीत खिळा ठोकून दांडा सुतळीने बांधायचं बघितलं, पण ओलीने फुगलेल्या गिलाव्यातून खिळा सुतळीसकट बाहेर आला. "मी धरतो सर, तुम्ही उतरा," तो म्हणाला. "कोणी हात लावायचा नाही," सर ओरडले. सर आमच्यावर ओरडलेले आम्ही पहिल्यांदाच ऐकले. "आतून गरम व्हायला लागलंय. लांब राहा सगळे." खरंच, जळक्या प्लॅस्टिकचा बारीक वास यायला लागला होता. एकाला खाली इलेक्ट्रिशियनकडे पिटाळलं. इलेक्ट्रिशियन आला, त्याने बघितलं आणि म्हणाला, "बंद करावं लागेल सर. चालूवर मी हात घालणार नाही. आणि तुम्ही पण घालू नका." सर म्हणाले, "बस जिन्यात. झालं की हाक मारतो."

पट्टी सरकत होती. जय टक्के पुकारत होता. सर हात बदलायला बघायचे, पण बदलताना दांडा हलला की दिवे मिचकावायचे, म्हणून ते सोडून दिलं. उजवा हात डोक्यावर, कोपर भिंतीला टेकलेलं, शर्ट पाठीला चिकटलेला. मी घड्याळाकडे बघायचं बंद केलं होतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि देसले मॅडम आत आल्या. इलेक्ट्रिशियन जिन्यात बसलेला बघून त्या वर आल्या असणार. समोर दृश्य काय, तर स्टुलावर ओगले सर आणि हात स्विचवर.

"सर! हात काढा आधी!"

"नको मॅडम!" अख्खी लॅब एका सुरात किंचाळली. वर्षभर ज्या माणसाने स्विचला हात लावू नये म्हणून आम्ही देव पाण्यात ठेवले होते, त्याने तो काढू नये म्हणून आम्ही ओरडत होतो. मॅडम जागच्या जागी थबकल्या.

"मॅम, खींच नहीं रहे, पकड के खडे हैं!" जय म्हणाला. "हाथ निकाला तो रंजना फेल!"

"मॅडम," सर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "स्विच माझ्यामुळे गेला. किल्ली नंतर घ्या. आत्ता फक्त ते दार आपटू देऊ नका."

मॅडमनी वास घेतला. स्विचकडे बघितलं, रंजनाच्या पाठीकडे बघितलं. रंजनाने वळूनही पाहिलं नव्हतं. मग मॅडमनी एक खुर्ची ओढली, दाराला लावली आणि दाराला पाठ देऊन तिच्यावर बसल्या. "लवकर," एवढंच म्हणाल्या.

रेंडर संपलं, पण नेटचा राउटरही त्याच स्विचवर. आता अपलोड. फिल्म नीट झाली का हे बघायला रंजनाने एकच जागा लावून पाहिली. लॅबमध्ये तिच्या आईचा आवाज घुमला, "काकड टाकल्याबिगर शेवलं खायाचं नाय." भिंतीकडे तोंड केलेले सर म्हणाले, "चालेल."

अपलोडची पट्टी मध्येच थांबली, पुन्हा हलली, पुन्हा थांबली. सरांचा हात थरथरायला लागला होता आणि त्याबरोबर दिवेही. मी मनातल्या मनात अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या महादेवाला कायकाय बोलले ते सांगण्यासारखं नाही.

"झालं," रंजना म्हणाली.

"पोच आली?" सरांनी विचारलं. "वाच. मोठ्याने."

तिने वाचलं. आपला प्रकल्प मिळाला आहे. पाचला थोडी मिनिटं बाकी होती.

रंजना पास झाली. सुनी आता बदलापूरला कॉलेजात जाते, आणि ताईपेक्षा पुष्कळ जास्त बोलते. पुढच्या वर्षी त्या लॅबमध्ये नवा स्विच होता, यूपीएसला नव्या बॅटऱ्या होत्या, आणि सर नव्हते. तासिका तत्त्वावरच्या माणसाला पुन्हा बोलावलं नाही की तेवढंच असतं, त्याला निरोप समारंभ नसतो. मॅडमनी प्रयत्न केला, असं म्हणतात. मला ते खरं वाटतं, कारण त्या दिवशी दाराला पाठ लावून बसलेल्या मॅडम मी पाहिल्या आहेत. सरांना मी त्यानंतर भेटले नाही. मला दिसतात ते त्या संध्याकाळचेच.

पोच वाचून झाल्यावर त्यांनी दांडा सोडला. तो खाली पडला, ठक्कन आवाज झाला, सगळे पडदे काळे झाले. आम्ही सवयीने तो प्रश्न यायची वाट बघत राहिलो. प्रश्न आला नाही. मान वर केली तेव्हा दिसलं, सर अजून स्टुलावरच होते. इतका वेळ धरून खांदा आखडला होता, हात खाली येत नव्हता. तळवा लाल झालेला, रुमाल खाली पडलेला, आणि हात तसाच वर.

रंजना पाण्याची बाटली घेऊन त्यांच्यापाशी गेली. स्टुलावरून त्यांना उतरवलं, खुर्चीत बसवलं, त्यांचं मनगट दोन्ही हातांत धरलं.

"हात खाली घ्या सर," ती म्हणाली. "कोणाचं कायपन नाय गेलं."